सरूबाईंचं गोंदण

किकवीच्या फाट्यावर फोटो स्टुडिओ चालवणारी सुलक्षणा तिखट जिभेची. फोटो चांगला आला नाही असं कुणी म्हटलं, की ती गिऱ्हाइकाच्या हातात आरसा द्यायची. मी शेजारचा शिंपी, रोज ऐकतो. अशा बाईने एकदा चूक केली आणि तोंडाने कबूलही केली, म्हणून सांगतोय.

शिवऱ्याच्या मंगलताईंच्या लेकीचं, प्रेरणाचं लग्न होतं. सोयरे पुण्याचे. मंगलताईंना एकाएकी आपल्या कपाळावरच्या आणि हनुवटीवरच्या गोंदणाची लाज वाटू लागली. "तेवढं पुसून टाक गं फोटूतनं," त्या सुलक्षणाला म्हणाल्या. तिने नुकतंच नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. बटण दाबलं, की हजार फोटो एका दमात गोरे आणि गुळगुळीत! त्याच्या लेखी गोंदण म्हणजे डाग. त्याने मंगलताईंचं पुसलं आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या आईचं, सरूबाईंचंही. अल्बम सगळ्यांना आवडला. सुलक्षणाने मूळ फोटो उडवले आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुढच्या लग्नासाठी रिकामं केलं.

चार महिन्यांनी सरूबाई गेल्या. तेराव्याला भिंतीवर फोटो लावायचा, म्हणून मंगलताईंनी अल्बम उघडला आणि तशाच रडत स्टुडिओत आल्या.

"ही गोरीपान म्हातारी कोन? माजी आय न्हाई ही. मला माजी आय दे."

घरच्यांच्या मोबाईलमधले फोटोही तसेच होते, मोबाईलनेच आपणहून घासूनपुसून ठेवलेले.

सुलक्षणाने आरशाकडे हात नेला नाही. मी हे पहिल्यांदाच पाहत होतो. मग म्हणाली, "चूक माजी हाय, ताई. म्या नीट बघितलंच न्हाई. किती ठिपके हुते, कुठं हुते, सांगा."

मंगलताईंना आठवेना. आईचं तोंड कोण मोजून बघतं? "जत्रंत एकाच बाईकडनं गोंदलं हुतं आमी दोघींनी. एकसारखं," एवढंच त्या म्हणाल्या.

"मंग झालं की! हितं बसा. पदर मागं घ्या."

मंगलताईंना दारातल्या उजेडात बसवून, त्यांच्याकडे बघत बघत, सुलक्षणाने सरूबाईंच्या फोटोवर एकेक ठिपका हाताने काढला. रंगही पुन्हा सावळा केला. दोन तास लागले.

मंगलताईंनी पडद्याकडे पाहिलं. आपल्या कपाळावरून बोट फिरवलं.

"व्हय. हीच."

सुलक्षणाने नाक पुसल्यासारखं केलं.

उठता उठता मंगलताई पुन्हा खाली बसल्या. "माजाबी एक फोटू काढून ठिव, हाय तसाच. प्रेरणाला लागंल पुढं. तिच्या कपाळावर न्हाई गोंदण."