दिपोटीसाहेबांनी दिलेली खुर्ची

आमच्या बिगरीच्या, म्हणजे पहिलीआधीच्या वर्गाच्या, मास्तरांना शाळेत बसलेलं पाहिलेला माणूस निपाणीच्या आसपास तरी सापडायचा नाही. ते हजेरी उभ्यानं घेत, भाकरी फिरत खात, आणि फळ्यावर आकडा काढता काढता निम्म्यातच खिडकीपाशी पोचलेले असत. त्यांची दाढी करायची म्हणजे न्हाव्याला धडकी भरे. ते नुसते समोर आले तरी आपण काहीतरी करायचं विसरलोय असं वाटू लागे. साहजिकच आम्हीही फारसे बसलो नाही. अक्षरं गिरवायची तेवढी बसून. उजळणी आणि पाढे मात्र चालत चालत, पावलागणिक एक. वर्गातली आम्ही निम्मी मुलं जैन शेतकऱ्यांची, घरी कानडी बोलणारी. त्यावर मास्तरांनी तोड काढली होती: डावं पाऊल कानडी, उजवं मराठी. 'ओंदु, एक, एरडु, दोन' करत आम्ही तंबाखूच्या वावरापर्यंत जायचो आणि शंभर भरले की परत. माझ्या आईनं एकदा विचारलं, "मास्तर, पोरं शाळंत बसत्यात कवा?" ते म्हणाले, "आक्का, बसलेल्या डोस्क्यात आकडं झोपत्यात." आई पुढं काही विचारेपर्यंत ते चार घरं पलीकडं गेले होते.

दिपोटीसाहेबांना मात्र हे पटेना. शाळा तपासणारे हे सरकारी साहेब वर्षातून एकदा परीक्षा घ्यायला येत. आदल्या वर्षी निम्मा वर्ग नापास करून त्यांनी बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर बिगरीला ट्रेनिंग झालेला मास्तर आणू. आपले मास्तर जाणार, या धास्तीनं आम्ही रडकुंडीला आलो होतो.

त्या वर्षी साहेबांनी आल्या आल्या आम्हांला मांडी घालून, हाताची घडी करून बसवलं, आणि मास्तरांनी उत्तरं सुचवू नयेत म्हणून त्यांना ओसरीवर धाडून दार लावलं. पहिला नंबर माझा. "सहा चोक?" रोज म्हटलेला पाढा, पण मांडीखाली पाय दबले आणि डोकं रिकामं झालं. शेजारच्याचंही तेच. साहेबांनी 'नापास' लिहायला दौतीत टाक बुडवला. तेवढ्यात ओसरीवर मास्तरांच्या वहाणा करकरू लागल्या. त्यांना काही सुचवायचं नव्हतं. त्यांना एका जागी राहवत नव्हतं, एवढंच. पण एक पाऊल, दोन, तीन, चार, आणि मी म्हणालो, "चोवीस." मग काय, साहेब विचारत राहिले आणि त्या करकरीवर अख्खा वर्ग उत्तरं देत राहिला.

बिगरी मास्तरांकडंच राहिली. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं: मुलांची तयारी उत्तम, मास्तर फार अस्वस्थ दिसतात, त्यांना खुर्ची द्यावी. खुर्ची आली. मास्तर तिच्यावर फेटा ठेवत.

गेल्या महिन्यात बेळगावला खडेबाजाराच्या मागं, त्यांच्या लेकीच्या घरी त्यांना भेटलो. पाय गेलेत. खिडकीपाशी खुर्चीत बसले होते.

"दिपोटीनं शेवटी बसिवलं बघ मला," ते म्हणाले. मग, "सहाचा म्हण रं."

मी सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला. "बसून न्हवं."

मी उठलो. त्या चिमुकल्या खोलीत, केस पिकलेला मी, पाढा म्हणत चालू लागलो. मास्तरांची दोन बोटं खुर्चीच्या हातावर पावलं टाकत होती. 'सहा दाहे साठ' झालं आणि मी थांबलो.

"थांबू नगंस," ते म्हणाले. "साताचा घे."