आत्याबाईंनी माझ्यासाठी खाल्लेली बोलणी

आज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेत होते, तर नातसून म्हणाली, "आजी, तुमच्या काळी कुठे होती हो ही हार्मोनची भानगड?" मला हसूच आलं... भानगड होती गं, फक्त आम्हाला तिचं नाव माहीत नव्हतं.

एकोणीसशे छप्पनच्या आसपासची गोष्ट. पिंपरीत औषधाचा कारखाना नवा नवा होता आणि आमचे हे तिथे नुकतेच लागले होते. मी चऱ्होलीची काडीपैलवान मुलगी, लग्न होऊन चिंचवड गावठाणातल्या शेतकरी घरात आले.

दोनेक वर्षांत मी अशी काही भरले, की सगळ्या चोळ्या उसवून पुन्हा शिवाव्या लागल्या. गाल वर आले, दंड भरले, कंबर तर शोधावी लागायची... आता कुणी म्हणेल, अरेरे, वजन वाढलं! छे, तेव्हा सून अंगाने भरली म्हणजे सासरचं नाव मोठं.

पवनेवर धुणं धुताना बायका माझ्या सासूबाईंना म्हणायच्या, "सुनेनं अंग धरलं बरं का. खात्यापित्या घरात पडली पोर." आत्याबाई (सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणायचे) पदर सावरत नुसत्या हसायच्या. तिकडे माझी आईही सगळ्या चऱ्होलीला लेकीचं सुख सांगत सुटली होती.

मला मात्र काही धड होत नव्हतं. बसल्या जागी झोप यायची, चुलीवरचं दूध डोळ्यांदेखत उतू जायचं आणि मी बघत राहायचे. आवाज तर एखाद्या बाप्यासारखा घोगरा झाला होता...

पाळीचाही घोळ. दोन-दोन महिने यायची नाही, की घरात गोड बातमीची कुजबुज सुरू व्हायची. मग ती यायची आणि सगळ्यांची तोंडं उतरायची. यांच्या दुसऱ्या लग्नाचा विषय एक-दोघींनी हळूच काढलासुद्धा. मी धास्तावले होते, खोटं कशाला सांगू.

एकदा वैशाखात आत्याबाई माझ्या केसांना तेल लावत होत्या. बाहेर रणरणतं ऊन, आणि मी गोधडी पांघरून बसलेली. केसांचा झुपकाच्या झुपका त्यांच्या हातात आला. त्यांनी माझी मान चाचपली, दंड चाचपले... सगळं गार.

त्यांनी तेलाची वाटी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "पोरी, ह्ये अंग न्हाई गं. ही सूज हाय. आन् मी येडी गावभर मिरवत बसले!"

आळीत सांगितलं, लुगडी घ्यायला पुण्याला जातोय. गेलो ते एका बाई डॉक्टरांकडे. त्यांनी माझा गळा पाहिला, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय उडाला आणि अगदी सावकाश खाली आला... तोसुद्धा आळशी झाला होता माझा!

त्या म्हणाल्या, गळ्यात एक ग्रंथी असते, तिचा रस अंगाला कमी पडतोय. सूज त्याने, सुस्ती त्याने, पाळीचा घोळही त्यानेच. गोळी रोज घ्यायची, कायमची. आत्याबाईंनी एकच विचारलं, "ही बरी व्हईल ना?" नातवाचा शब्दही काढला नाही.

गोळ्या लागू पडल्या. सूज उतरली, झोप उडाली, पाळी वेळेवर यायला लागली आणि हरवलेली कंबर परत दिसायला लागली. मी खूश... पण पवनेवरच्या बायकांची जीभ फिरली. "सुनेला वाळवली हो. घास मोजून घालत असंल."

आत्याबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. आणि अशात आई मला दिवाळीला न्यायला आली. मला पाहिलं मात्र, तिने अंगणातच आवाज चढवला, "माजी भरल्या अंगाची लेक! काय दशा केली हो तिची? खायला घालताय का न्हाई?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. निम्मी आळी गोळा झाली. मी तोंड उघडणार, तोच आत्याबाईंनी माझा हात दाबला. म्हणाल्या, "चुकलं माजं, इहीनबाई. आता ध्यान ठिवीन." आणि पाणी आणायला आत निघून गेल्या.

मी रडतच मागे गेले. "खरं का नाही सांगितलंत?" तर म्हणाल्या, "सासू खाष्ट म्हटली तर लोकं चार दिस बोलत्यात. सून दुखणाईत म्हटली की जलमभर. माजं काय जातंय?"

पुढे दीड वर्षाने थोरला झाला, माहेरी. बाळंतिणीच्या खोलीत मला राहवेना, आईला सगळं सांगून टाकलं. तिने बाळाची टोपरी बाजूला ठेवली आणि बारशासाठी आत्याबाईंना नवं लुगडं आणायला सांगितलं.

बारशाला आत्याबाई आल्या. चऱ्होलीच्या ज्या बायकांना आईने ही सासू किती वाईट ते सांगितलं होतं, त्या सगळ्या जमलेल्या. आईने त्यांच्यादेखत आत्याबाईंच्या ओटीत लुगडं घातलं आणि वाकून सरळ त्यांचे पाय धरले. "माजी लेक तुमी राखलीत," म्हणाली आणि रडायलाच लागली.

आत्याबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. आईला उठवत पुटपुटल्या, "अवं उठा, उठा... लोकं काय म्हनतील!"

माझ्यासाठी दीड-दोन वर्षं गावाची बोलणी निमूट खाणारी ती बाई, आणि कौतुक झालं तेव्हा तिला लोकांची लाज वाटली... अशी सासू मला मिळाली. किती भाग्यवान मी!