टाकीमागचं गवत
लॉन्सवाल्या शेठने मला फसवलं आणि वर माझंच बी खोटं ठरवलं. चाळलेल्या शेणखताचा वास आला की ते साल आठवतं. गंगापूर रोडवरचं त्यांचं लग्नाचं मैदान वऱ्हाडांनी तुडवून टणक झालं होतं, गवत विरळ झालं होतं. मी टोकदार सळयांनी वीतवीतभर अंतरावर भोकं पाडली, वाळू आणि खत भरलं, वर हरळीचं बी पेरलं. अट एकच घातली, तुळशीच्या लग्नापर्यंत कुणाचा पाय पडता कामा नये. "दिला शब्द," शेठ म्हणाले. चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणून मीही निर्धास्त राहिलो. विसाव्या दिवशी बघतो तर कोवळ्या कोंभांवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा मांडव! गवत मेलं, तेव्हा शेठ गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "नर्सरीवाल्याने सडकं बी मारलं आमच्या माथी." मी त्यांना हाताला धरून पाण्याच्या टाकीमागे नेलं. तिथे मांडव पोचला नव्हता आणि गवत घोट्याएवढं उंच, दाट होतं. "हे कुणाचं बी, शेठ?" ते हसले, "जाऊ द्या हो, चहा घ्या." मी घेतला नाही. आज माझ्या तीन नर्सऱ्या आहेत, तरी लोक विचारतात, "सडक्या बियांचे ते तुम्हीच ना?" शेठ, चारचौघांत बोललात, आता चारचौघांतच सांगा, टाकीमागे गवत कसं उगवलं?