गेटसरांची कडी

गेटसर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत ते इंग्रजीचा क्लास चालवत, आणि 'गेट' हे एक क्रियापद आलं की इंग्रजी खिशात, असा त्यांचा दावा होता. मिळणं गेट, पोचणं गेट, आजारी पडणं गेट, डोक्यात शिरणं तेही गेट. बाकीची क्रियापदं इंग्रजांनी हौसेखातर ठेवलीयेत, असं ते छातीठोकपणे सांगत.

शिकवणं अंगमेहनतीचं. 'गेट अप' म्हटलं की अख्खा वर्ग उभा, 'गेट ऑन' म्हटलं की बाकावर, 'गेट आउट' म्हटलं की थेट जिन्यात. मग सर आतून कडी लावत. 'गेट' घालून नवं वाक्य बोलल्याशिवाय दार उघडायचं नाही. छत हादरलं की खालची लॉन्ड्रीवाली जे बोलायची, ते मात्र कुठल्याच क्लासात शिकवता आलं नसतं.

तर अशा गेटसरांना एका शाळेतून कायमच्या नोकरीसाठी बोलावणं आलं. घर चालत होतं बायकोच्या शिवणकामावर, आणि मशीनवर वाकून तिची मान पार आखडली होती. निघताना त्यांची कॉलर सारखी करत ती म्हणाली, "आज तेवढं शहाण्यासारखं वागा. ही नोकरी लागली ना, की मी मशीन झाकून ठेवणार आहे." सरांना गलबलून आलं.

शाळेला सुट्टी होती. समोर फक्त मुख्याध्यापिका आणि संस्थेचे अध्यक्ष. अध्यक्षांची लाकडाची वखार होती, आणि इंग्रजी सुरू झालं की त्यांना हमखास खोकला येई.

"एक पाठ घेऊन दाखवा," बाई म्हणाल्या. "आम्हालाच विद्यार्थी समजा."

आता हे गेटसरांना सांगायचं म्हणजे! घटकाभरात दोघंही बाकावर चढून उतरली. बाई तर चक्क हसल्या. नोकरी जवळजवळ खिशात आली होती. तेवढ्यात सर म्हणाले, "गेट आउट!" दोघं निमूट बाहेर गेली, आणि सरांच्या हातानं सवयीनं कडी लावली.

"वाक्य!" सर आतून ओरडले.

बाहेर बसलेला शाळेचा शिपाई अध्यक्षांकडे बघून खो खो हसला, तिथेच घात झाला.

"अहो, दार उघडा!" बाई म्हणाल्या.

"वाक्याशिवाय नाही!"

आधी खोकला ऐकू आला. मग अध्यक्षांचा संतापलेला आवाज, "यू... डोन्ट... गेट... द जॉब!"

सरांनी खाडकन दार उघडलं. "शाब्बास! पहिल्याच फटक्यात नकारार्थी वाक्य!"

अध्यक्षांचा राग कुठल्या कुठे पळाला. "बरोबर होतं?"

"बिनचूक."

बाईंनी टाळ्या वाजवल्या. जन्मात पहिल्यांदाच इंग्रजी बोललेले अध्यक्ष फुलून गेले. "पुन्हा म्हणू?"

सरांना आत्ता कुठे वाक्याचा अर्थ लागत होता. आता घरी जाऊन बायकोला काय सांगायचं? पण शिकू पाहणाऱ्याला नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

"म्हणा," ते म्हणाले.

अध्यक्षांनी वाक्य पुन्हा म्हटलं, या खेपेला अजिबात न अडखळता.