परत फेकलेला चेंडू

"दुपारचा बेसबॉल म्हणजे रिकामटेकड्यांचं काम," असं कुणी म्हणालं की माझं डोकंच फिरतं. शिकागोच्या आमच्या बेसबॉल पार्कात, मैदानाच्या टोकाला असलेल्या उघड्या बाकांच्या दारावर मी छत्तीस वर्षं तिकिटं फाडली. कोण येतं ते मला विचारा ना!

बर्नाडीन व्रोना यायची. रात्रभर बेकरीत पाव भाजायचे, सकाळी घरी जाऊन चार तास डोळा लावायचा आणि एकच्या ठोक्याला माझ्या दारात हजर. केसांत पीठ तसंच. पाहुण्या संघाने होमरनचा टोला हाणून चेंडू थेट आमच्या बाकांत धाडला तर तो घरी न्यायचा नाही, परत मैदानात भिरकावायचा, ही आमची रीत. बर्नीने जन्मात एकच चेंडू झेलला, तोही नेमका पाहुण्यांचा. दिला फेकून!

"ठेवायचास की गं," मी म्हणालो.

"शत्रूचा चेंडू घरात? नवऱ्याने जेवण सोडलं असतं!"

तोवर आमचे सगळे सामने दुपारीच व्हायचे. सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात रात्री खेळवता यावं म्हणून पार्कात दिवे लावायची टूम निघाली. चर्चच्या हॉलमध्ये सभा भरली. शेजारीपाजारी रात्री येणाऱ्या गाड्यांवरून, दारुड्यांवरून तावातावाने भांडले. मग संघ चालवणाऱ्या क्लबचे साहेब उठले. "कष्टकऱ्यांना दुपारी सवड कुठे असते? रात्रीचे सामने त्यांच्यासाठीच आहेत."

बर्नी उभी राहिली.

"साहेब, सकाळी पाव खाल्लात ना? तो रात्री मी भाजला. पोस्टातला एडी रात्री राबतो, इस्पितळातल्या त्या दोघी राबतात. आम्ही कष्टकरी नाही तर कोण? सामना रात्री गेला की आमचा गेलाच. तीस वर्षं एवढं दुपारचं ऊन माझ्या वाट्याला आलंय, तेवढंही नेता का?"

साहेब मोठे हुशार. हसत हसत पुढे आले आणि सगळ्या संघाच्या सह्यांचा चेंडू तिच्या हातात ठेवला. "तुमच्यासारख्या चाहत्यांसाठी. पहिल्या रात्रीचं तिकीटही आमच्याकडून."

बर्नीने चेंडू फिरवून एकेक सही वाचली. तिची बोटं त्यावरून हलेनात. माझी नोकरी क्लबची होती, तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "परत फेक!" बघता बघता अख्खा हॉल ओरडायला लागला.

"सह्या आपल्या पोरांच्या आहेत," ती म्हणाली, "पण चेंडू पाहुण्यांचा आहे." आणि दिला की साहेबांकडे भिरकावून! मला तर रडूच फुटलं.

दिवे लागायचे ते लागलेच. पण पहिल्या वर्षी आठच रात्री, बाकी दुपारी आमच्या राहिल्या. दिवे पहिल्यांदा लागले तेव्हा बर्नी भट्टीपाशी होती. पुढच्या दुपारच्या सामन्याला ती एक वाजता आली, केसांत पीठ तसंच. दारात नव्या लोकांची ही गर्दी. मी खुर्चीवर चढलो आणि वर साहेबांच्या कचेरीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडलो, "सरका, वाट द्या! कष्टकरी आल्या आहेत!"

"खाली उतर, पडशील मेल्या," ती म्हणाली आणि ताठ मानेने आत गेली.