मोतीराम निरोप्या

जळगाव जामोदच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी दोन डोंगरांच्या बेचक्यात पिंपळझिरा हे गाव. गावाला टॉवर नव्हता. फोनची तार आणायची तर जंगल आडवं, आणि एवढ्याशा घरांसाठी खडक फोडणार कोण? फोन मात्र घरोघरी होते. लोक त्यांवर गाणी ऐकत, बॅटरी लावून गोठ्यात जात. बोलायचं असलं तर मरीमायची टेकडी चढावी लागे. वरच्या खडकाजवळच काय ती रेंज यायची.

चढण उभी होती. बायांना कामातून सवड नसे, म्हाताऱ्यांना ती झेपत नसे. म्हणून लोक आपले फोन मोतीरामकडे देऊ लागले.

मोतीराम एकटा. बायको लग्नानंतर वर्षभरात माहेरी गेली ती परतली नाही. गावात त्याला कुत्रं विचारत नव्हतं. पण फोनांची पिशवी खांद्याला लागली आणि त्याचे दिवस पालटले. सकाळी तो टेकडी चढायचा, सांगितलेले नंबर लावायचा, आलेले फोन घ्यायचा आणि दुपार कलली की खाली येऊन घरोघर निरोप सांगायचा. निरोप तिथं चहा. बातमी गोड असली तर जेवणसुद्धा.

निरोप आपल्या हाती म्हणजे माणूस आपल्या हाती, हे त्याला लवकरच कळलं. आधी तो नुसता खेळवायचा. "खबर हाय एक. पण आधी चहा मांड. दूध घालून."

मग तो खोटं सांगू लागला. एकदा त्यानं पुंजाजीला सांगितलं, "संग्रामपूरचा तुहा भाऊ गेला बे." पुंजाजीनं रस्त्यातच हंबरडा फोडला. बायकोला घेऊन, मिळेल त्या गाडीनं तो संग्रामपूरला पोचला, तर भाऊ ओट्यावर दाढी करून घेत बसलेला. पुंजाजी परत आला तेव्हा मोतीराम पोट धरधरून हसला. "रेंज कटून राह्यली होती. मले तसंच ऐकू आलं."

पुंजाजीनं शिवी गिळली. फोन पुन्हा याच्याच हाती द्यायचा होता.

शाळेत खिचडी शिजवणारी जयमाला विधवा होती. तिची एकुलती मनाली मोताळ्याकडे दिलेली. जयमालाचा गुडघा आखडला होता, टेकडी तिला जमत नव्हती. एकदा चहा पिता पिता मोतीरामनं तिचा हात धरला. तिनं गरम चहा त्याच्या तोंडावर फेकला आणि बाहेर येऊन चारचौघांत म्हणाली, "कुत्र्याले ओट्यावर बसवलं, तं चुलीपाशी आलं."

लोक हसले. मोतीरामही हसला. काही दिवसांनी जयमालानं मान खाली घालून त्याच्याच पिशवीत फोन टाकला. पोरीची खबर दुसरीकडून मिळणार नव्हती.

त्याच वर्षी पावसाळ्यात मनालीचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती. "मोतीरामकाका, मायले सांगा, मले घ्यायले ये. हे लोक मले जित्ती ठेवत नाईत."

मोतीराम खाली आला. "मजेत हाय पोरगी," तो जयमालाला म्हणाला. "पण तू तिकडं येऊ नको म्हणे. सासूले खपत नाई."

मनालीनं पुन्हा फोन केला. "काय म्हणे माय?"

"म्हणे, दिल्या घरीच मर."

त्यानंतर मनालीचा फोन आला नाही. मोतीराम मात्र सणावाराला येऊन सांगायचा, "बरी हाय." जयमाला त्याला पुरणपोळी वाढायची.

मग शाळेवर गोकुळ सर आले. त्यांनी एका संस्थेच्या मागे लागून शाळेच्या छतावर एक पांढरी चपटी तबकडी बसवून घेतली. गाव गोळा झालं. "याला टॉवर नको, तार नको," सर म्हणाले. "हे थेट आभाळातल्या उपग्रहाशी बोलतं. वर आभाळ मोकळं असलं की झालं."

लोकांना खरं वाटेना. पण संध्याकाळी शाळेच्या भिंतीपाशी बसलं की फोन घणघणू लागले. कापसाचा भाव गावातच कळू लागला. नाल्याला पूर आला त्या दिवशी एक बाळंतीण अडली, तेव्हा तिला शाळेत आणून सुईणीनं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना फोनवर दाखवत, विचारत तिला सोडवलं. माय आणि लेकरू दोघंही वाचली.

जयमालानं सरांना मनालीचा नंबर लावायला सांगितला. "तोंड दिसलं पाह्यजे."

तोंड दिसलं. गालापासून कानापर्यंतची कातडी चुरगळलेली होती आणि डावा डोळा अर्धा मिटलेला.

"हे काय झालं वं?" जयमाला किंचाळली.

"उकळतं तेल. दोन दिवाळ्या झाल्या. आता मलकापुरात खोली घेऊन राहतो मी. तुले काय करायचं त्याचं? तूच म्हणे ना, दिल्या घरीच मर?"

"मी? कधी?"

"मोतीरामकाकानं सांगतलं."

भिंतीपाशी बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. मोतीरामही तिथंच होता. "मजाक केली होती मी," तो म्हणाला. "मले काय ठाऊक, ते लोक तेल टाकतीन?"

त्याला कोणी मारलं नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी नेटचा पासवर्ड बदलला आणि तो घरोघर कानात सांगितला गेला. मोतीरामचं घर वगळून. तो भिंतीपाशी आला की लोक फोन उलटे करून गप्प बसत. दुकानदार त्याला म्हणे, "संपलं," आणि त्याच्यासमोर दुसऱ्याला तेच तोलून देई. एकदा तो तापानं फणफणला. दारातून हाका मारत होता, "कोणी फोन लावा रे दवाखान्याले." पुंजाजीनं आपल्या फोनवरच्या भजनाचा आवाज वाढवला. बाकीच्यांनीही वाढवला.

ताप उतरला, पण मोतीरामची मान खाली गेली ती गेलीच. एका सकाळी तो काळी-पिवळी जीपमध्ये बसून निघून गेला. कुठं, ते कोणी विचारलं नाही.

थंडीत एका संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर एक संदेश आला. कुठल्याशा बसस्थानकाजवळ अनोळखी इसम मयत. ओळखणाऱ्यांनी पोलिसांशी संपर्क साधावा. सोबत फोटो. भिंतीपाशी बसलेल्या सगळ्यांचे फोन एकदमच वाजले. फोटो लख्ख होता, दाढीचे खुंटसुद्धा दिसत होते.

गोकुळ सर बाहेर आले. "हा आपला मोतीराम ना?"

जयमालानं सरांच्या हातातून फोन घेतला, दोन बोटांनी चेहरा मोठा केला आणि बराच वेळ पाहिला.

"नाई सर. आमच्या गावचा नाई हा."

"अहो, नीट बघा. बेवारस म्हणून जाळतील त्याला."

"पाह्यलं नीट," पुंजाजी म्हणाला. "आमच्यात असा कोणी नव्हता."

सरांनी सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा पाहिलं. त्यांना या गावात अजून काही वर्षं काढायची होती. त्यांनी जयमालाकडून फोन घेऊन खिशात टाकला आणि शाळेला कुलूप लावायला गेले.

तेवढ्यात जयमालाचा फोन वाजला. मनाली गावात परत आली नव्हती, येणारही नव्हती. पण रोज या वेळेला फोन करायची. जयमालानं पडदा तोंडासमोर धरला आणि पोरीच्या चांगल्या डोळ्यात पाहत विचारलं, "जेवली का वं?"