आजींच्या चेहऱ्यावरचा धूर

"चेहराच दिसत नाही, मॅडम. तेवढी घाण काढा, बाकी काही करू नका," फैसल म्हणाला आणि चित्र टेबलावर ठेवून गाडी हलवायला पळाला. कुवेतच्या राई भागातल्या आमच्या वर्कशॉपबाहेर पार्किंगची कायमच बोंब.

मी जुनी चित्रं दुरुस्त करते. रेस्टोरर म्हणतात. दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा मळ पुसणं. पुसून पुसून आता मान आणि मनगटं दोन्ही कुरकुरतात.

चित्र तैलरंगातलं होतं. आतल्या खोलीत गालिच्यावर बसलेली एक तरुण कुवेती बाई, शेजारी किटली, पुढ्यात बखूरचं धुपाटणं. बखूर म्हणजे इथला सुगंधी धूप, घरोघरी जळतो. तिचे हात, पडद्यातून झिरपणारं ऊन, सगळं इतकं जिवंत, की मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चेहऱ्यावर मात्र करडा पट्टा.

ती बाई म्हणजे फैसलची आजी. चित्र काढणारी एक इंग्रज बाई, तेल कंपनीतल्या इंजिनिअरची बायको. लोक तिला नवऱ्याच्या नावाने ओळखायचे, चित्रकार म्हणून कोणी विचारलं नाही. ती जाऊनही बरीच वर्षं झाली. आता कुठे इंग्लंडमधली एक गॅलरी तिचं पहिलं प्रदर्शन भरवत होती. मुख्य चित्र म्हणून त्यांना हेच हवं होतं. अट एकच, चेहरा साफ करून पाठवा.

कापसाचा ओला बोळा कोपऱ्यात फिरवला. तपकिरी मळ निघाला. चेहऱ्यावर फिरवला. तिथलाही मळ निघाला, पण करडा पट्टा हलला नाही. भिंगातून पाहिलं तर ब्रशचे फटकारे! तो धुपाटण्यातून वर चढणारा धूर होता, चित्रकर्तीने स्वतः रंगवलेला. मग इन्फ्रारेड कॅमेऱ्याने फोटो घेतला. रंगाखालचं कोळशाचं रेखाटन त्यात दिसतं. स्क्रीनवर हसरा चेहरा आला, गालावर खळी.

आमचे मॅनेजर जोसेफ खांद्यावरून बघत होते. "स्ट्राँग सॉल्व्हंट लाव. धूर जाईल, चेहरा येईल. सगळे खूश."

"सर, तो मळ नाहीये. तिनेच काढलाय."

"क्लायंट मागतोय ना? तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?"

मोह मलाही झाला होता. त्या इंग्रज बाईसाठी जीव तुटत होता. इतका चांगला हात, आणि नाव कोणाला माहीत नाही. पण धूर एकदा निघाला की परत घालता येत नाही. "आजींना विचारून येते," म्हटलं. जोसेफनी घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली.

फैसलने मला घरी नेलं. बाहेरच्या दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, पाहुणे होते. आत जायला मला कोणी अडवलं नाही. आजी पलंगावर बसल्या होत्या. त्यांच्या वडिलांचा मुंबईशी व्यापार होता, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी येत होतं.

"तू बंबई का?"

"पूना," मी म्हटलं आणि धुराबद्दल विचारलं.

आजी हसल्या. खळी अजून तिथेच होती. "मर्द पेंटर को अंदर कौन आने देता? वो औरत थी, इसलिए बैठी मैं. पहले पूरा मुँह बनाया, मुझे दिखाया. मैं बोली, बाहर का आदमी नहीं देखेगा. तब उसने धुआँ डाला."

मी टॅबवर तो फोटो दाखवला. त्यांनी टॅब डोळ्यांजवळ नेला. दारातून फैसलने विचारलं, "मी बघू?" आजींनी टॅब छातीशी धरला.

"इतना हँसती थी मैं," त्या म्हणाल्या. मग टॅब माझ्या हातात दिला. "ये फोटो मिटा दे. धुआँ रहने दे."

त्यांच्यासमोरच मी फोटो डिलीट केला.

वरचा मळ काढून, धूर तसाच ठेवून चित्र तयार केलं. गॅलरीला कळवलं, धूर मूळ चित्रातलाच आहे, निघणार नाही. त्यांनी इन्फ्रारेड फोटो मागितला. नाही म्हटलं. मग उत्तर आलं, बिनचेहऱ्याचं पोर्ट्रेट मुख्य चित्र म्हणून चालणार नाही. त्याऐवजी त्यांनी तिचंच बंदरातल्या बोटींचं चित्र लावलं. तसलं चित्र किनाऱ्यावर उभा राहून कोणीही पुरुष काढू शकला असता. प्रदर्शनाची फारशी चर्चा झाली नाही म्हणे. याचं मला अजून वाईट वाटतं.

चित्र परत आजींच्या खोलीत गेलं. खाली रोज बखूर जळतो, म्हणजे पुन्हा मळणार. जोसेफ काही दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

आता कोणाचंही पोर्ट्रेट आलं, की बोळा ओला करण्याआधी मी विचारते, चित्रातलं माणूस जिवंत आहे का? जोसेफना हा प्रश्न वेळखाऊ वाटतो. आहेच तो.